गोदू, गोदा की गोदावरी : पणजीचं नाव मुलीला ठेवतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण सोयीसाठी एकाच घराचं म्हणून मांडलं आहे, पण त्यातले पेच अनेक घरांतून गोळा झालेले आहेत. जुनं नाव ठेवायचं म्हटलं की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात, आणि बहुतेक घरं ते चुकीच्या क्रमाने सोडवायला घेतात.

पुण्यातलं जोडपं, पहिली मुलगी, जन्म 2025 सालचा. नाव जुनं हवं यावर आईवडिलांचं एकमत. वडिलांना आपल्या आजीचं, म्हणजे बाळाच्या पणजीचं नाव ठेवायचं होतं. ही पणजी 1931 सालची, संगमनेरकडे दिलेली. सातबाऱ्यावर, वारसनोंदीत, रेशनकार्डावर सगळीकडे तिचं नाव सरस्वतीबाई. तेव्हा बाळाचं नाव सरस्वती, घरात सरू, असं जवळजवळ ठरलं होतं. जन्माची नोंद रुग्णालयाकडून 21 दिवसांच्या मुदतीत झाली आणि त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी ठेवली होती. ही कोरी जागा पुढे फार कामाला आली.

पहिली अडचण घरातूनच आली. बाळाची आजी, म्हणजे या सरस्वतीबाईंची सून, वय 68. तिने सरळ सांगितलं, "सासूबाईंचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. आता त्याच नावाने पोरीला 'ए सरे, इकडे ये' म्हणू का?" हे नुसतं रुसणं समजून सोडून देऊ नये. सासू-सासऱ्यांचं नाव तोंडाने न घेण्याची रीत अनेक मराठी घरांत परवापरवापर्यंत होती. म्हणून तर नातवाला आजोबांचं नाव ठेवलं तरी त्याची आई त्याला बंड्या, बाळ्या, आबा अशा भलत्याच नावाने हाक मारायची. कागदावर पूर्वजाचं नाव आणि तोंडी दुसरंच, अशी दोन नावं वागवणारी माणसं आजही भेटतात. पणजीचं नाव ठेवायचं असेल तर ते रोज उच्चारणार कोण आणि त्या माणसाला ते उच्चारता येणार का, हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं. इथे ते विचारलं गेलं ते आजी बोलली म्हणून.

दुसरी गोष्ट घागरीने बाहेर काढली.

माळ्यावर तांब्याची एक जुनी घागर होती, पणजीच्या लग्नातली. तिच्या काठाखाली, गळ्याच्या वळणावर, टोकदार खिळ्याने टिंबं ठोकून अक्षरं घातलेली होती. पूर्वी भांड्यांवर नावं अशीच घालत : एकेक टिंब, त्यांची रांग आणि रांगांचं अक्षर. चिंच-मिठाने घासल्यावर ओळ वाचता आली : "चि. सौ. कां. गोदू हीस वडिलांकडून, शके 1867". शकात 78 मिळवले की 1945. घागर लग्नाच्या वर्षाची होती आणि तिच्यावर 'सरस्वती' कुठेच नव्हतं.

पणजी माहेरी गोदू होती. सरस्वती हे सासरी ठेवलेलं नाव. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने लिहिलेलं ते नाव पुढची साठ-पासष्ट वर्षं तिच्या सगळ्या कागदांवर राहिलं.

जुनं नाव शोधणाऱ्या प्रत्येक घराने इथे थांबावं. विसाव्या शतकाच्या निम्म्यापर्यंत, आणि काही घरांत त्यानंतरही, लग्नात बाईचं पहिलं नाव बदलत असे. आपल्याला माहीत असलेल्या मोठ्या नावांचंही तेच आहे. 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. कागदावर सापडणारं पणजीचं नाव हे पुष्कळदा पणजोबांच्या घराने निवडलेलं नाव असतं. ते ठेवायला हरकत काहीच नाही, पण काय ठेवतो आहोत हे माहीत असलं पाहिजे.

माहेरचं नाव शोधायचं कसं? सासरच्या कागदांत ते मिळत नाही, म्हणून माहेरच्या माणसांकडे जावं लागतं. सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे भाचा किंवा भाची. आत्याला माहेरची मुलं माहेरच्याच नावाने हाक मारतात. इथे निफाड तालुक्यातल्या एका 80 वर्षांच्या भाच्याला फोन केल्यावर पहिल्याच वाक्यात "आमची गोदूआत्या" असं आलं. माणसं उरली नसतील तर माहेरच्या गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहावं. मुलगी दोन इयत्ता जरी शिकली असली तरी त्यात तिचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख असते. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्माच्या नोंदीसाठी उपयोगी पडतं, पण त्यात बऱ्याचदा नुसती 'मुलगी' एवढीच नोंद असते आणि लिपी मोडी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे नसतात, त्यामुळे 'गोदु' की 'गोदू' हा निवाडा तिथे होत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये कुळाची नामावळ मिळते, पण तीही मुख्यतः सासरच्या नावांनी.

या घराला शाळेच्या रजिस्टरात नाव मिळालं : गोदावरी. गोदू हे हाक मारायचं रूप. निफाडची मुलगी, गोदाकाठची. नाशिककडे गोदावरीला लोक 'गंगा' म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात. नदीचं नाव लेकीला ठेवणं तिथे रोजच्या बोलण्यातलंच आहे.

आणि इथे आजीची अडचण आपोआप सुटली. 'गोदू' हे नाव तिने सासूसाठी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे ते न उच्चारण्याची सवयही तिला नव्हती. नव्या नावाने बाळाला पहिली हाक तिनेच मारली.

आईच्या बाजूचाही विचार झाला, आणि तो व्हायलाच हवा. पणज्या एकूण चार असतात. आईच्या आजोळी विचारल्यावर एका पणजीचं नाव कळलं : नकुसा. चौथी मुलगी म्हणून ठेवलेलं. हे नाव पुढे आणायचं नाही असं आईनेच ठरवलं आणि ते योग्यच होतं. सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकुसा', 'नकोशी' अशा नावांच्या 285 मुलींचं जाहीर कार्यक्रमात नव्याने नामकरण झालं, इतकं ते नाव त्या मुलींना बोचत होतं. जुन्या नावांमध्ये धोंडा, दगडा यांसारखी नावं वेगळी : मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून ती मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली. त्यांच्या मागे माया आहे. नकुसाच्या मागे ती नाही. जुनं आहे एवढ्यावरून नाव उचलू नये, ते का ठेवलं होतं हे विचारून घ्यावं.

आता नावाची पारख. कागदावर लिहायचं कोणतं : गोदू, गोदा, गोदावरी की त्याच नदीचं दुसरं नाव, गौतमी? मामाचा आग्रह गौतमीचा होता. "अर्थ तोच, आणि आजच्या कानाला बरं." ही युक्ती चालते : नर्मदेचं रेवा, यमुनेचं कालिंदी, गंगेचं जान्हवी. नदी महत्त्वाची असेल तर जरूर करावी. पण इथे महत्त्वाची नदी नव्हती, बाई होती. गौतमी ठेवलं असतं तर पणजीची आठवण फक्त समजावून सांगताना निघाली असती. हाक मारताना ती निघाली पाहिजे.

गोदा हे रूप सगळ्यांनाच आवडलं होतं. दोन अक्षरं, गोड, आणि तमिळ संतकवयित्री आंडाळ हिचंही ते एक नाव. अडचण रोमन लिपीत आली. त्या लिपीत द आणि ड यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे ओळख नसलेला माणूस ते 'गोडा' वाचतो, आणि मराठी शाळेत 'गोडा' म्हटलं की पुढे 'मसाला' येणारच. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मावशीने सांगितलं की तिकडे तर ते चीजचं नाव वाटेल. गोदावरीचं तसं होत नाही, कारण नदी सगळ्यांना माहीत आहे. ओळखीचा मोठा शब्द दिसला की डोळा आपोआप द वाचतो.

हीच तपासणी इतर जुन्या नावांवर केली तर काय दिसतं ते सांगणं उपयोगी आहे. सई रोमनमध्ये हमखास 'साई' होते. येसू महाराष्ट्राबाहेर 'येशू' ऐकू येतं. म्हाळसा आणि निर्मळा यांतला ळ हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी ल होतो. काशी हे सुंदर नाव आहे, पण "सगळी काशी झाली" हा वाक्प्रचार तिच्या मागे लागतो. यमुनाची यमू होते आणि यमूची 'यम' करायला वर्गाला दोन दिवसही लागत नाहीत. याउलट द्वारका, रखमा, सगुणा, गोपिका, भागीरथी, वेणू, राजाई यांना अशी ठेच फारशी लागत नाही, आणि ती अजून दारादारात पोचलेलीही नाहीत. मुक्ता, रमा, उमा, आनंदी, रेवा परत रुळली आहेत, त्यामुळे वर्गात एकच असावं अशी अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. चिडवण्याची परीक्षा मोठ्या माणसांना देता येत नाही. आठ-दहा वर्षांच्या तीन-चार मुलांना नाव सांगावं आणि त्याला जुळणारे शब्द विचारावेत. पाच मिनिटांत यादी तयार होते. इथे गोदावरीला 'गोदाम' निघालं, गोदूला 'गोंदू' निघालं. दोन्ही सहन होण्यासारखी.

हाकेची परीक्षाही करावी. मराठीत आकारान्त नाव हाकेत एकारान्त होतं : गोदा, ए गोदे! जिन्याखालून वर ओरडून पाहावं. लांब नाव असेल तर त्याचं लाडाचं रूप आपण आधी ठरवावं, नाहीतर ते शाळा ठरवते.

दरम्यान पत्रिकेचा प्रश्न आला. मुलीचा जन्म शततारका नक्षत्राच्या चौथ्या चरणावरचा. या नक्षत्राची चार चरणांची अक्षरं गो, सा, सी, सू. पहिला चरण असता तर 'गो' अगदी जुळलं असतं, पण आलं 'सू'. पणजोळचे एक काका 'सू' वर अडून बसले. यात भांडण्यासारखं काही नसतं. नामकरणाच्या परंपरेतच चार नावं सांगितली आहेत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. चरणाक्षर नाक्षत्रनामासाठी, त्यालाच आपण नावरस नाव म्हणतो. ते 'सू' वरून काढून पत्रिकेत लिहिलं, बारशाला कानात सांगितलं, आणि व्यवहाराचं नाव मोकळं राहिलं.

त्याच काकांनी मग मनुस्मृती काढली. तिसऱ्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावं असलेली मुलगी वधू म्हणून निवडू नये असं खरंच आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावाची अक्षरं विषम असावीत, ते आकारान्त असावं असंही आहे, आणि गोदावरी चार अक्षरी, ईकारान्त. पण सीता, राधा, गंगा ही सगळी दोन अक्षरी, म्हणजे सम. नारायणराव पेशव्यांची पत्नी गंगाबाई, सवाई माधवरावांची आई. महाराष्ट्राने हे दोन्ही नियम शतकानुशतकं बाजूला ठेवून लेकींना गंगा, यमुना, कृष्णा, भागीरथी म्हटलं आहे. ज्यांना ग्रंथाचा आधार हवा असतो त्यांना ग्रंथातूनच आणि शांतपणे उत्तर द्यावं. काकांनी ते मान्य केलं. 1945 च्या वारली उठावाचं नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकरांची आठवणही त्यांनीच काढली.

शेवटी कागद. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा बारकाईने.

जन्मनोंद नावाशिवाय होऊ शकते. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. त्यामुळे रुग्णालयातून घरी जायच्या गडबडीत अर्जात नाव लिहू नये. एकदा नाव नोंदलं गेलं की मन बदललं म्हणून ते बदलून मिळत नाही. कायद्याने दुरुस्ती होते ती चुकीची, आणि चूक पुराव्याने दाखवावी लागते. पुढे मोठेपणी राजपत्रात नाव बदलता येतं, पण जन्मदाखला आणि बाकीचे कागद यांतली तफावत आयुष्यभर समजावत बसावी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंद यांसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तिथे चुकलं की पुढे सगळीकडे चुकतं.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. जुन्या लांब नावांची इथे नव्याने परीक्षा होते. या घरात रोमन अक्षरं मोजली : आईचं नाव 9, वडिलांचं 9, आडनाव 11, गोदावरी 8. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायची जी ओळ असते तिच्यात नावासाठी 39 जागा असतात. त्यात आडनावानंतर दोन खुणा आणि प्रत्येक नावामध्ये एक. बेरीज : 11 + 2 + 8 + 1 + 9 + 1 + 9 = 41. दोन जास्त. गोदा ठेवलं असतं तर 37 मध्ये बसलं असतं. अशा वेळी त्या ओळीतलं नाव छाटून छापतात, वरच्या भागात मात्र पूर्ण राहतं. यात पासपोर्ट अडत नाही, पण विमानाच्या तिकिटावर नाव कसं घालायचं हे घरात एकदा ठरवून लिहून ठेवावं लागतं. या घराने हे माहीत असूनही गोदावरीच ठेवलं. आमच्या मते बरोबर केलं. लांब नावाचं छोटं रूप केव्हाही करता येतं, छोट्याचं लांब कागदावर करता येत नाही. शिवाय मोठी झालेली मुलगी स्वतःला गोदू म्हणवून घेईल की गोदावरी, हे तिच्या हातात राहतं.

नाव घालण्याचा अर्ज चौथ्या महिन्यात दिला. सोबत जन्मनोंदीचा क्रमांक आणि आईवडिलांची ओळखपत्रं. दाखला दोन्ही लिप्यांत येतो, म्हणून नाव दोन्ही लिप्यांत सुटं सुटं, ठळक लिहून दिलं होतं. तरीही मसुद्याच्या प्रतीत मराठी रकान्यात 'गोडावरी' उमटलं. रोमन अक्षरांवरून मराठी रूप आपोआप तयार होतं तेव्हा द-ड, त-ट, न-ण, ल-ळ या जोड्या अशाच फसतात. आधारच्या अर्जातही हेच होतं. आईने मसुदा वाचला म्हणून चूक तिथेच दुरुस्त झाली. मसुदा वाचताना इंग्रजीकडे सगळे बघतात आणि मराठी तपासायचं राहून जातं. एक माणूस फक्त मराठी रकान्यासाठी ठेवावा, आणि त्याने नाव मोठ्याने, अक्षर तोडून वाचावं : गो-दा-व-री.

बारसं बाराव्या दिवशी करायचं ठरलेलं होतं, ते शोधाशोधीत राहून गेलं आणि सव्वा महिन्यानंतर झालं. आत्याने कानात आधी नावरस नाव आणि मग गोदावरी सांगितलं. आजीने ताटातल्या तांदळांवर नाव लिहिलं, अंगठीनेच.

घागर नंतर कसब्यातल्या तांबट आळीत नेली. आता मशिनने एका रेषेत नाव कोरून मिळतं, पण घरच्यांना जुन्यासारखी टिंबंच हवी होती. कारागिराने आधी पेन्सिलने अक्षरं आखून दाखवली, वेलांटी दीर्घ आहे ना ते विचारून घेतलं, आणि वडिलांकडून आलेल्या जुन्या ओळीखाली दोन बोटं जागा सोडून ठोकलं : "चि. गोदावरी हीस पणजीकडून, शके 1947".